पुठ्ठ्याचं कॅथेड्रल

सँट्रीतल्या त्या घरात भाड्याने खोली हवी असेल, तर आधी चर्चमध्ये जाऊन यावं लागायचं.

मी डब्लिनला आलो तेव्हा चाळिशी जवळ आली होती. बायको आणि तान्ही मुलगी पुण्यात. ऑफिस चेरीवूडला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तरी सँट्रीत खोली बघायला गेलो, कारण घरमालक मराठी आहेत आणि रविवारी वरणभात करतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. दार उघडलं ते हाफ पँट आणि जाड लोकरी स्वेटर अशा वेषातल्या एका उंच, किडकिडीत माणसाने. माझ्याकडे न बघता त्यांनी माझ्या बॅगेकडे बघितलं.

"नागपूरचा का?"

"नाही, पुण्याचा."

"असू दे. ठेव बॅग. चल."

"कुठे?"

"क्राइस्टचर्चला. खोली मग बघू."

बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर बसून आम्ही गेलो. आत शिरल्यावर मी सगळे करतात तेच केलं, मान वर करून तोंड उघडं टाकलं. टोकदार कमानींवर कमानी, त्यावर दगडी छत, बारीक खांबांच्या जुड्या, आणि उंचावरच्या रंगीत काचांतून आलेला उजेड. घरमालक काकांनी मला मधोमध उभं केलं. "या दोन भिंती. एक उत्तरेची, एक दक्षिणेची. यातली वाकडी कोणती?"

मी पुष्कळ वेळ बघितलं. शेवटी म्हणालो, "मला तर दोन्ही सरळ दिसतायत."

त्यांनी स्वेटरच्या खिशातून ओळंबा काढला. गवंड्याकडे असतो तसा, दोरीला पितळी वजन लावलेला. हात लांब करून तो माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "एक डोळा मीट. आता उत्तरेकडे बघ." दोरी स्थिर झाली. ती एवढी प्रचंड भिंत दोरीपासून लांब लांब जात होती. वर छताशी पोचेपर्यंत हातभर तरी बाहेर कलली होती.

"सोळाव्या शतकात छत कोसळलं," काका म्हणाले. "खाली सगळी दलदल. नॉर्मन लोकांनी त्याच्यावर एवढा दगड चढवून ठेवला होता. छत पडताना दक्षिणेची भिंत घेऊन पडलं. ही नाही पडली. ही वाकली आणि तिथंच थांबली. मग तीनशे वर्षं लोकांनी जसंतसं भागवलं. पुढे एका व्हिस्कीवाल्या शेठनं हात सैल सोडला आणि सगळं चर्च नव्यानं करून घेतलं. ते बाहेरचे टेकू, ही समोरची भिंत, हे छत, सगळं तेव्हाचं. पण त्याचा आर्किटेक्ट शहाणा होता. हिला सरळ करायच्या भानगडीत नाही पडला तो. जशी आहे तशी ठेवून बाकीचं चर्च हिच्याभोवती उभं केलं."

परतीच्या बसमध्ये मी भीत भीत विचारलं, "मग खोलीचं?"

"मिळाली ना. तुला दिसली नाही, तर दिसली नाही म्हणालास. काही लोक आधी वाचून येतात आणि आल्या आल्या बोट दाखवतात. त्यांना मी परत पाठवतो."

हे काका म्हणजे माझे कुणी नव्हेत. इथे वयाने मोठ्या माणसाला आम्ही सगळेच काका म्हणतो. इकडे बांधकामाची धूम होती त्या दिवसांत ते नागपूरहून स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून आले, ती धूम ओसरली तरी राहिले आणि पुढे लोकांच्या घरांना वाढवलेल्या खोल्या तपासून देत राहिले. एकटेच असायचे. लग्नाबद्दल कुणी विचारलंच तर म्हणायचे, "साउथ वॉल पडली. नॉर्थ उभी आहे." विचारणाऱ्याला काही कळायचं नाही. मला कळायचं, आणि त्याचा मला थोडा अभिमान वाटायचा.

त्यांच्या घरात मी दोन वर्षं राहिलो. नंतर बायको-मुलगी आल्यावर आम्ही ल्यूकनला घर घेतलं. सँट्रीतल्या त्या दोन वर्षांसारखे दिवस पुन्हा आले नाहीत. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. आयरिश लोक त्यात टॉवेल ठेवतात. काका त्यात दही लावायचे, इडलीचं पीठ आंबवायचे, आणि वरच्या फळीवर, मऊ पंच्यात गुंडाळलेली, आमच्या मंडळाची पितळी गणेशमूर्ती असायची. "बाप्पाला थंडी वाजते ना बे," म्हणायचे. दर चतुर्थीला मूर्ती त्या कपाटातून निघायची तेव्हा हाताला कोमट लागायची. भाविक लोकांना त्यात चमत्कार दिसायचा. काका पंच्याची घडी घालत राहायचे.

ओळंबा खिशात कायम. ल्यूकनच्या घरी सत्यनारायण घातला तेव्हा मी पूजेला बसलो होतो, पोथीचा तिसरा अध्याय चालला होता, आणि मागून काकांचा आवाज आला, "चौकट एका बाजूला खाऊन राहिली रे तुझी." वळून बघतो तर स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर उभे, वर दोरी धरून. बायकोने डोळे वटारले. गुरुजी थांबले. काका म्हणाले, "तुमचं चालू द्या. देवाला चालते वाकडी. दाराला नाही चालत." ते दार हिवाळ्यात अजूनही घासतं.

कॅथेड्रलला ते 'म्हातारी' म्हणायचे. तिच्या प्रत्येक अवयवाला त्यांनी मराठी नाव ठेवलं होतं. बाहेरून भिंतीला आधार देणाऱ्या दगडी कमानी म्हणजे 'नातेवाईक', कारण "लांबूनच हात लावून उभे असतात, पण असतात." जमिनीवरच्या फरश्यांवर काठी घेतलेले यात्रेकरू कोल्हे आहेत, ते 'कमिटी मेंबर'. तळघरात काचेच्या पेटीत एक वाळलेलं मांजर आणि एक वाळलेला उंदीर आहे. पाठलाग करता करता दोघं ऑर्गनच्या नळीत अडकले आणि तिथेच राहिले, असं सांगतात. नव्याने आलेल्या पोरापोरींना काका आधी तिथे न्यायचे. म्हणायचे, "यातला कोण जिंकला सांगा." कुणालाच सांगता यायचं नाही. मग खूश व्हायचे. स्वतः देवभोळे अजिबात नव्हते. संध्याकाळच्या प्रार्थनेला मागच्या रांगेत डोळे मिटून बसायचे, पण ते गाण्यासाठी नव्हे, तर आवाज कोणत्या दगडावरून कसा परततो ते ऐकायला.

मग दोन हजार वीस साल आलं.

लॉकडाउनमध्ये आधी घरापासून दोन किलोमीटरची हद्द, नंतर पाचची. त्यापलीकडे जायचं नाही. सँट्रीतून निघालं की पाच किलोमीटर लिफी नदीच्या अलीकडेच संपायचे, आणि म्हातारी पलीकडच्या चढावर. काका रोज चालत हद्दीपर्यंत जायचे आणि तिथून मला फोन करायचे. एकदा त्यांना गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, हटकलं. ती हकिगत त्यांनी मला नक्कल करून सांगितली होती.

"मला म्हणते, कुठं चालले? म्हटलं, टू सी अ वॉल. म्हणते, अ वॉल? म्हटलं, शी इज लीनिंग. तर तो पोट्टा पट्टा सारखा करत काय म्हणावं? म्हणते, शी'ल बी ग्रँड, गो होम."

"मग?"

"मग काय, आलो घरी. त्याचं चूक नव्हतं. ती ग्रँडच आहे, चांगलं चालून राहिलं तिचं. माझंच बरं नाही चालून राहिलं."

एवढंच बोलले. तब्येतीबद्दल नव्हतं ते, एकटेपणाबद्दल होतं. पण मी तेव्हा विचारलं नाही.

जुलैत मंडळाचं ठरलं की यंदा हॉल नाही, गणपती ऑनलाइन. मी सेक्रेटरी. मखर दर वर्षी काकाच करायचे, कधी महाल, कधी गुहा. मीच फोन केला. "काका, यंदा तुमच्या पुढच्या खोलीतच बाप्पाला बसवू या. मखर तिथेच. सगळे लॅपटॉपवर दर्शन घेतील. आणि आरतीनंतर तुम्ही मखराबद्दल दहा मिनिटं बोला."

"दहा मिनिटं? मला बोलायला?"

"हो."

"नक्की ना बे? मधेच कुणी फुगडी घालणार नाही?"

"नक्की."

त्या दिवसापासून त्यांचा आवाज बदलला. गल्लीतल्या प्रत्येक घरी पार्सलं येत होती, तेव्हा रिकाम्या खोक्यांना तोटा नव्हता. मीही गाडी भरून खोकी नेली आणि फाटकापाशी ठेवली. काका दारात, मी रस्त्यावर, मधे हिरवळ, असे आम्ही बोललो. त्यांच्या बोटांवर मैद्याच्या खळीचे पापुद्रे होते. "आत डोकावू नको," म्हणाले. "पूर्ण झाल्यावर बघ." खिशातून त्यांनी फक्त एक तुकडा काढून दाखवला. पुठ्ठ्याची बोटभर फरशी, त्यावर काठी घेतलेला कोल्हा. "कमिटी मेंबर. हा तू," म्हणाले आणि खो खो हसले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला. एकच.

खोलीभर कॅथेड्रल होतं. टोकदार कमानी, खांब, बाहेरून टेकू देणाऱ्या कमानी, रंगीत जिलेटीनच्या खिडक्या, मागे दिवे. मधोमध, जिथे वेदी असते तिथे, आमचा पितळी बाप्पा. पायाशी कागदाचा उंदीर आणि त्याच्यामागे कागदाचं मांजर. आणि डावीकडची भिंत बाहेर कललेली.

 मग ग्रुपवर मेसेज सुरू झाले.

"काका, भारीच! पण हे मखर आहे की चर्च?"

"बाप्पा चर्चमध्ये?? काहीही."

"मेहनत दिसते. पण योग्य वाटत नाही. सॉरी."

"डावी भिंत वाकडी झालीय. घाईत केलंय वाटतं."

काकांनी फक्त या शेवटच्या मेसेजला उत्तर दिलं. "उद्या सांगतो," एवढंच लिहिलं.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. मुंबईच्या, माझ्यापेक्षा लहान, पण आम्ही त्यांना ताई म्हणतो. वाईट बाई नाहीत. उगाच कुणाला दुखवणाऱ्या तर अजिबात नाहीत.

"अरे, बघितलंस ना?"

"बघितलं."

"माझा मुलगा दुसरीत होता. शाळा बंद होईपर्यंत वर्गात सगळी मुलं कम्युनियनची, म्हणजे चर्चमधल्या त्यांच्या पहिल्या प्रसादाची, तयारी करायची आणि हा मागच्या बाकावर बसून चित्रं रंगवायचा. रोज येऊन विचारायचा, आपण का नाही? मी त्याला सांगायचे, आपला बाप्पा आहे. आणि आता बाप्पाच चर्चमध्ये बसलाय. मी काय सांगू त्याला?"

माझी मुलगीही त्याच शाळेत होती, तशाच मागच्या बाकावर. 

"आणि उद्या भारतातून किती जण बघणार आहेत. कुणी स्क्रीनशॉट काढून फिरवला की संपलं. आपलं मंडळ केवढंसं आहे रे."

"मग काय करायचं?"

"माझ्या घरच्या गणपतीचं दर्शन दाखवू. काकांना तू सांग. तू राहिलायस त्यांच्याकडे. तुझं ऐकतील."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. फोन हातात घेऊन बागेत दोन फेऱ्या मारल्या आणि आत आलो. मुलांचं कारण खरं होतं, पण माझं कारण ते नव्हतं. माझे सासरे पुण्याहून बघणार होते. ऑफिसातले दोघं-तिघं बघणार होते. तो फोटो पाहिल्यावर क्षणभर मला काकांची लाज वाटली होती, आणि ज्यांच्या घरी आपण दही खाल्लं त्यांची लाज वाटली म्हणून आणखी लाज वाटली होती. असल्या वेळी माणूस फोन करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग मी सुरू केली. होस्ट मीच. लोक येत गेले, चौकोन वाढत गेले, पैठण्या, फेटे, मागे पसरलेले सोफे. काकांचं नाव बाजूला दिसलं, ते आत यायच्या रांगेत होते. मी त्यांना आत घेतलं नाही.

माझ्या शेजारी बायको बसली होती. कॅमेऱ्यात न येता तिने हळूच म्हटलं, "काका बाहेर थांबलेत. घे ना आत."

"थांब जरा."

आरती झाली. मंत्रपुष्पांजली झाली. ताईंच्या घरचं मखर दाखवून झालं, झेंडूच्या माळा आणि मागे जरीची साडी, छान होतं. मग कुणीतरी विचारलं, "आणि काकांचं? आज ते वाकडी भिंत समजावून सांगणार होते ना?"

एक-दोघं हसले.

"काकांचं नेट गेलंय," मी म्हणालो. "सकाळपासून ट्राय करतायत बिचारे."

"अरेरे," सगळे म्हणाले.

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. मोदक तिनेच केले होते. त्या दिवशी तिने एकही खाल्ला नाही.

दुपारी मी काकांना फोन केला. "काका, तुमचं नेट गेलं होतं हो. आम्ही खूप वाट बघितली."

 ते म्हणाले, "असं का. हो. इकडे सिग्नल ढिला होऊन राहिला दोन दिवस."

तासाभराने ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. 'माझ्या नेटमुळे सर्वांचं दर्शन चुकलं. क्षमस्व. गणपती बाप्पा मोरया.' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्यातलं एक माझं होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी जुनं कनेक्शन काढून टाकलं आणि नवं घेतलं. त्यासाठी पुढची हिरवळ खणली, भिंतीला भोक पाडलं, नवी तार आत आणली. त्या तारेचा फोटोसुद्धा ग्रुपवर टाकला. 'आता पुढच्या वर्षी काळजी नाही,' असं लिहून. मी त्यावर अंगठा दिला.

मला फार हलकं वाटलं होतं तेव्हा. काकांना पटलं, असं मी धरून चाललो. इंजिनियर माणूस, आयुष्यभर कशाच्या मागे काय आहे ते तपासत आलेला, त्याला माझं बोलणं सहज पटलं असं मला वाटलं, कारण मला तसंच वाटायला हवं होतं.

तरी त्यानंतर मी त्यांना फोन करणं कमी केलं. गणपतीचे ते दहा दिवस मी सँट्रीला फिरकलो नाही. हिवाळ्यात पुन्हा हद्द आली, तेव्हा मला ती बरीच वाटली. त्यांचे फोन यायचे, नदीच्या अलीकडून, वाऱ्यात. मी म्हणायचो, "काका, मीटिंगमध्ये आहे." बहुतेक वेळा नसायचो.

एकवीसच्या वसंतात नागपुरात करोनाने घराघरांतून माणसं जात होती. काकांची थोरली बहीण वाचली, पण एकटी पडली. उन्हाळ्यात काकांनी घर विकायला काढलं आणि सप्टेंबरात जायचं ठरवलं. जायच्या आधी फोन आला. "तुझी मीटिंग नसेल तर ये. म्हातारीला भेटून येऊ."

बसच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या सीटवर आम्ही पुन्हा बसलो, दोघंही मास्क लावून. काका बारीक झाले होते. रस्त्यात ते नव्या इमारतींकडे बोट दाखवून काय काय चुकलंय ते सांगत होते. मी हो हो म्हणत होतो.

चर्चमध्ये फारसं कुणी नव्हतं. एका कोपऱ्यात कुणीतरी ऑर्गनचा एकच स्वर पुन्हा पुन्हा तपासत होतं. काका उत्तरेच्या भिंतीपाशी गेले, तळहात दगडावर ठेवला आणि तसेच उभे राहिले. म्हातारीला इतक्या महिन्यांनी भेटत होते. मला वाटलं, आत्ता बोललो नाही तर हा माणूस विमानात बसेल आणि मी जन्मभर बागेत फेऱ्या मारत राहीन.

"काका, मागच्या वर्षी तुमचं नेट गेलं नव्हतं."

हात न काढता ते म्हणाले, "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"अबे, स्क्रीनवर लिहून येते ना. थांबा, होस्ट तुम्हाला आत घेतील. मी थांबलो. सोवळं नेसून, दिवे लावून बसलो होतो. तुम्ही बंद केलं असेल तेव्हा ते आपोआप बंद झालं."

"मग ते नवीन कनेक्शन? ती तार?"

"तू सगळ्यांसमोर सांगून बसला होता ना, नेट गेलं म्हणून. दुसऱ्या दिवशी माझं नेट चांगलं चालताना कुणाला दिसलं असतं तर तू खोटा नसता पडला?"

मी शेजारच्या खुर्चीवर बसलो. काका वळले आणि माझ्याकडे बघू लागले.

"राग नाही आला तुम्हाला?"

"नाही आला? आहे ना. अजून आहे. गेला म्हणून सांगू का? म्हणजे तू आज घरी जाऊन पोटभर जेवशील." मास्कच्या वरचे डोळे हसत होते की नाही, मला सांगता येणार नाही. "नको म्हणाला असता ना, तर मी काही केलं नसतं. बाप्पाला साध्या पाटावर बसवलं असतं. ते पोराबाळांचं मला मागून कळलं, ताई आधीच बोलली असती तर समजलं असतं. पण तू मला तोंडावर सांगायला पाहिजे होतं. तू माझ्या घरचा होता."

"हो."

"आणि त्यानंतर दहा दिवस होतं ते मखर. दार उघडं होतं. तू आलाच नाही."

"नाही आलो."

"नाही आला." ते भिंतीकडे वळले. "शेजारची आजीबाई खिडकीतून बघून गेली. म्हणते, इट्स लव्हली, अँड हू'ज युअर मॅन इन द मिडल? बाप्पाबद्दल विचारून राहिली होती. तिला सांगितलं सगळं. तासभर उभी होती थंडीत. तिनं एकटीनंच बघितलं नीट."

"मग ते कुठे आहे आता?"

"हिरव्या बिनमध्ये गेलं, रिसायकलला. पुठ्ठाच तो. दोन आठवडे लागले सगळा न्यायला, त्यांच्या डब्यात मावेना."

ऑर्गनचा स्वर थांबला. मंडळातल्या ज्या लोकांनी त्या सकाळी माझ्या तोंडून 'काकांचं नेट गेलंय' ऐकलं, त्यांना मी हे आज पहिल्यांदाच सांगतो आहे. ताईंनाही. काकांनी कधीच कुणाला सांगितलं नाही, आणि आता नागपुरात बसून ते सांगतील असंही वाटत नाही.

त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली का? नाही. तोंडात आली होती, पण त्या माणसापुढे ती फार हलकी वाटली असती. त्याऐवजी मी म्हणालो, "काका, दहा मिनिटं ठरली होती आपली."

"कशाची?"

"मखराची. मला नीट बघायचंय ते. सांगा ना. कुठे काय होतं ते."

"आता? इथं?"

"इथेच तर आहे सगळं."

त्यांनी आजूबाजूला बघितलं. दाराशी बसलेल्या बाई आपल्या फोनमध्ये होत्या. काका हळूहळू चालत मधोमध गेले, वेदीकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. स्वेटर खाली ओढून सारखा केला. मास्क हनुवटीवर आणला. त्यांचा सगळा चेहरा मला वर्षभराने दिसत होता. घसा खाकरून त्यांनी माझ्या मागच्या रिकाम्या खुर्च्यांवरून, रांगेरांगेने, नजर फिरवली.

"नमस्कार मंडळी," ते म्हणाले. मग थांबले. थोडं पुढे वाकून, काळजीच्या सुरात त्यांनी विचारलं, "आवाज येऊन राहिला ना माझा?"

"येऊन राहिला, काका," मी म्हणालो. "बोला."